शेवटचा आधार हाताची वाट पाहत बसू नये : नागरी विमान वाहतूक महासंचालकांना खुले पत्र

प्रति,
मा. महासंचालक,
नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, नवी दिल्ली
तसेच भारतीय विमान कंपन्यांचे अभियांत्रिकी व उड्डाण विभागप्रमुख

विषय : कॉकपिटमधील राखीव वीजपुरवठा, इशारा यंत्रणा आणि रेकॉर्डर यांबाबत जुन्या विमानांसाठी सक्तीची मुदत ठरवण्याबाबत

महोदय,

हे पत्र आम्ही मुद्दाम मराठीत आणि जाहीरपणे लिहीत आहोत. तांत्रिक टिपणे विभागांच्या फायलींत जातात आणि तिथेच राहतात. विमानात मागच्या सीटवर बसणाऱ्या माणसालाही हे वाचता आले पाहिजे, कारण शेवटी प्रश्न त्याच्या जिवाचा आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. विमानातली वीज गेल्यावर जे शेवटचे उपकरण वैमानिकाला सरळ ठेवते, जो शेवटचा इशारा त्याला थांबवतो आणि जो शेवटचा रेकॉर्डर, म्हणजे ब्लॅक बॉक्स, नंतर खरे काय ते सांगतो, त्या तिघांना वीज आपोआप मिळाली पाहिजे. कोणी बटण फिरवेल, कोणी ब्रेकर, म्हणजे जास्त प्रवाह आला की वीज तोडणारी कळ, आत आहे की बाहेर ते पाहील, कोणाला आठवण राहील, यावर त्यांची भिस्त असता कामा नये. गेल्या साठेक वर्षांत जगात जेवढ्या सुधारणा झाल्या त्या जवळजवळ सगळ्या या एका दिशेने झाल्या. पण प्रत्येक वेळी सुधारणा नव्या विमानांपुरती राहिली किंवा नुसती शिफारस म्हणून राहिली, आणि जुन्या विमानांत तीच चूक पुन्हा घडली.

सुरुवात १८ जानेवारी १९६९ पासून करावी लागते. त्या संध्याकाळी युनायटेड एअरलाइन्सचे उड्डाण २६६, बोइंग ७२७, लॉस एंजेलिसहून डेन्व्हरकडे निघाले. या विमानाला तीन इंजिने आणि प्रत्येक इंजिनावर एक जनरेटर. पैकी तिसऱ्या इंजिनाचा जनरेटर काही दिवसांपासून बंद होता. किमान उपकरण यादीप्रमाणे, म्हणजे काय बंद असले तरी उडता येते हे सांगणाऱ्या आणि आपण सगळे जिला एमईएल म्हणतो त्या यादीप्रमाणे, तसे उडायला परवानगी होती. उड्डाणानंतर लगेच पहिल्या इंजिनाच्या आगीचा इशारा आला, वैमानिकांनी ते इंजिन बंद केले, म्हणजे त्याचाही जनरेटर गेला. उरलेला दुसरा जनरेटर थोड्याच वेळात विजेच्या जाळ्यावरून तुटला. खाली समुद्र, वर ढग, रात्र. कॉकपिटमधली सगळी कृत्रिम क्षितिजे, म्हणजे विमान सरळ आहे की कललेले हे दाखवणारी उपकरणे, मेली आणि विमान सांता मोनिकाच्या उपसागरात कोसळले. विमानातले सर्व ३८ जण गेले.

इथे दोन गोष्टी जवळून पाहण्यासारख्या आहेत. पहिली, ७२७ चे एपीयू, म्हणजे शेपटाकडचे किंवा पोटातले छोटे सहायक इंजिन, चाकांच्या कप्प्याजवळ बसवलेले होते आणि ते फक्त जमिनीवरच चालवता येत असे. आजच्या एअरबस ए-३२० किंवा बोइंग ७३७ मध्ये एक जनरेटर बंद असेल तर हवेत एपीयू चालवून त्याचा जनरेटर जोडता येतो. ७२७ मध्ये ती सोयच नव्हती. तीन जनरेटर कागदावर भरपूर वाटतात, पण एक आधीच बंद आणि दुसरा आगीच्या इशाऱ्यात गेला की एकावर सगळा भार येतो. दुसरी गोष्ट त्याहून गंभीर. विमानात बॅटरीवर चालणारा राखीव पुरवठा होता. पण तो सुरू करण्यासाठी फ्लाइट इंजिनियरला आपल्या पॅनेलवरचा निवडक स्विच फिरवून राखीव स्थितीत न्यावा लागे. आगीची चेकलिस्ट चालू, अंधार, दिवे गेलेले, आणि एका माणसाच्या बोटांवर सगळे अवलंबून. तो स्विच फिरवला गेला नाही की फिरवूनही पुरवठा आला नाही, हे अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाला अखेरपर्यंत ठरवता आले नाही.

त्यातून जो नियम झाला तो अभियंत्याने पाठ करावा असा आहे. मोठ्या जेट प्रवासी विमानात तिसरे कृत्रिम क्षितिज हवे. त्याची वीज मुख्य जनरेटर यंत्रणेपासून वेगळी हवी. सगळे जनरेटर गेल्यावर ते किमान ३० मिनिटे विश्वासाने चालले पाहिजे. दोन्ही वैमानिकांना दिसेल अशा जागी हवे आणि त्यावर स्वतंत्र उजेड हवा. आणि सर्वांत महत्त्वाचे, वीज गेल्यावर ते कोणतेही बटण न दाबता चालू राहिले पाहिजे. हा शेवटचा शब्दप्रयोग सांता मोनिकाच्या पाण्यातून आला आहे. आज प्रत्येक कॉकपिटमध्ये मधोमध दिसणारे ते छोटेसे क्षितिज, पूर्वी गोल काचेचे, आता छोट्या स्क्रीनचे, त्याच नियमाची देणगी आहे.

पण क्षितिज असणे आणि त्याच्याकडे नजर जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि याची सर्वांत जवळची साक्ष मुंबईची आहे. १ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचे 'सम्राट अशोक' हे बोइंग ७४७ सांताक्रुझहून दुबईला निघाले. किनारा ओलांडून उजवीकडे वळले, मग सरळ झाले. कॅप्टनसमोरचे क्षितिज मात्र उजव्या कलावरच अडकून राहिले. समोर काळा अरबी समुद्र, बाहेर नजरेला टेकू नाही. त्या चुकीच्या उपकरणावर विश्वास ठेवून विमान डावीकडे, डावीकडे, शेवटी नव्वद अंशांपलीकडे कलंडले आणि उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत वांद्र्याच्या किनाऱ्यासमोर समुद्रात गेले. २१३ माणसे गेली. विमानात वीज होती. दुसऱ्या वैमानिकाचे क्षितिज आणि राखीव क्षितिज होते. फ्लाइट इंजिनियरने अखेरच्या क्षणी दुसऱ्या उपकरणाकडे लक्ष वेधायचा प्रयत्नही केला. तीनपैकी दोन काय सांगतात ते पाहा आणि तिसऱ्याला सोडून द्या, एवढे करायला पुरेसे सेकंद मिळाले नाहीत.

आज एअरबसमध्ये दोन बाजूंच्या क्षितिजांत पाच अंशांहून जास्त फरक पडला की स्क्रीनवर पिवळसर अक्षरांत 'चेक अ‍ॅटिट्यूड' येते. ७३७ मध्येही पिच आणि रोल, म्हणजे नाकाचा चढ-उतार आणि पंखांचा कल, यांसाठी तशीच तुलना होते. म्हणजे कॅप्टनने स्वतःहून संशय घ्यायची वाट न पाहता यंत्रच त्याला हटकते. हा बदल स्वागतार्ह आहे. पण सिम्युलेटरवर हा प्रसंग कसा शिकवला जातो याकडे आपल्या तपासणी पथकाने स्वतः बसून पाहावे अशी आमची विनंती आहे. दिवसाच्या दृश्यात, आधी सांगून, 'आता तुमचे क्षितिज बिघडेल' असा सराव काही कामाचा नाही. काळ्या समुद्रावरून, पूर्ण अंधारात, वळणातून सरळ होतानाच्या क्षणी बिघाड द्यावा, तेही न सांगता. वांद्र्यासमोर घडले ते नेमके तसेच घडले होते.

आता ज्या विमानांनी आज आपले देशांतर्गत आकाश भरले आहे त्यांच्याकडे वळू. ए-३२० कुटुंबात वीज दोन मुख्य एसी बसवर, म्हणजे दोन मोठ्या वाहिन्यांवर, वाटलेली असते. डाव्या जनरेटरची बस एक आणि उजव्याची बस दोन. ११५ व्होल्ट, ४०० हर्ट्झ. एक जनरेटर गेला तर दुसरा दोन्ही बाजू उचलतो, हे रोजचे आहे. आवश्यक उपकरणांसाठी वेगळी 'एसी इसेन्शियल' बस असते आणि ती नेहमी बस एककडून वीज घेते. बस एकच गेली आणि जाळ्याने ती परत जोडली नाही, तर काय होते?

२२ ऑक्टोबर २००५ ला ब्रिटिश एअरवेजच्या, याच कुटुंबातल्या ए-३१९ वर हे घडले. हीथ्रोहून बुडापेस्टकडे जाताना, रात्री, २०,००० फुटांच्या आसपास चढत असताना कॅप्टन आणि सहवैमानिक दोघांचे मुख्य व मार्गदर्शक स्क्रीन आणि वरचा मधला स्क्रीन, असे सहापैकी पाच काळे झाले. ऑटोपायलट आणि इंजिनांचा जोर आपोआप सांभाळणारा ऑटोथ्रस्ट सुटले, व्हीएचएफ रेडिओ आणि इंटरकॉम बंद, कॉकपिटचे बहुतेक दिवे गेले. कॅप्टनने बाहेर दिसणारे रात्रीचे क्षितिज आणि राखीव उपकरणे यांच्या आधारे विमान धरले. ती उपकरणेही त्या उजेडात नीट दिसत नव्हती, असे ब्रिटिश तपास संस्थेच्या अहवालात नमूद आहे. सहवैमानिकाने खालच्या एकुलत्या एक जिवंत स्क्रीनवर येणारी चेकलिस्ट एकेक ओळ करत पूर्ण केली. त्या यादीत पुढे 'एसी इसेन्शियल फीड' हे बटण पर्यायी स्थितीत दाबायचे होते. ते दाबले आणि बहुतेक सगळे परत आले. सुमारे ९० सेकंद गेले होते. आकाश स्वच्छ होते म्हणून ७६ प्रवासी आणि ६ कर्मचारी सुखरूप राहिले. पावसाळी ढगात, मुंबईच्या जुलैमध्ये, हेच ९० सेकंद किती लांब असतात ते कोणत्याही वैमानिकाला विचारावे.

रॅट का उघडले नाही, असा प्रश्न आता सामान्य वाचकही विचारेल. अहमदाबादच्या अपघातानंतर हा शब्द घरोघरी गेला आहे. त्या अपघाताच्या कारणांशी या पत्राचा संबंध नाही. रॅट म्हणजे पोटाखालून बाहेर पडणारा छोटा पंखा, जो वाऱ्यावर फिरून वीज आणि हायड्रॉलिक दाब देतो. ए-३२० मध्ये तो आपोआप उघडतो तो दोन्ही मुख्य एसी बस गेल्यावर, विमान पुरेशा वेगात असताना. त्या रात्री उजवी बस जिवंत होती. म्हणून यंत्राच्या दृष्टीने आणीबाणी नव्हतीच. अर्धे अंधारलेले विमान रॅटच्या व्याख्येत बसत नव्हते, आणि राहिला तो एक हात, वरच्या पॅनेलवरच्या एका बटणापर्यंत पोहोचणारा.

२५ जानेवारी २००८ ला न्यूअर्कहून निघालेल्या युनायटेडच्या ए-३२० वर पुन्हा तेच. सहापैकी तीन स्क्रीन, रेडिओ, रडारला विमानाची ओळख देणारा ट्रान्सपॉन्डर, टक्कर टाळणारी यंत्रणा, सगळे गेले आणि या वेळी राखीव क्षितिजही गेले. दिवस होता, हवा चांगली होती, वैमानिकांनी डोळ्यांनी पाहून विमान परत उतरवले. अमेरिकी मंडळाने त्यानंतरच्या शिफारशीत नमूद केले की स्क्रीन गमावण्याच्या अशा ४९ घटना निर्मात्याकडे आधीच नोंदवल्या गेल्या होत्या. उपाय तयार होता. बस एक गेली की आवश्यक बस आपोआप बस दोनकडे वळवणारा बदल निर्मात्याने काढला होता आणि तो पुढे सक्तीचा झाला. राखीव क्षितिजाच्या बॅकअप विजेचाही त्यात विचार झाला. इथे आमची पहिली ठोस मागणी येते. भारतात नोंदणी असलेल्या आणि भाडेपट्टीवर परदेशातून आलेल्या जुन्या ए-३२० कुटुंबातल्या प्रत्येक विमानात हा आपोआप वळवणारा बदल प्रत्यक्षात बसला आहे का, याची विमानक्रमांकानुसार यादी संचालनालयाने प्रसिद्ध करावी. कागदावर 'लागू' असणे आणि वायरिंगमध्ये 'बसलेला' असणे यांत फरक असतो, हे कोणत्याही हँगरमधल्या माणसाला माहीत आहे. भाड्याच्या विमानांची कागदपत्रे तीन-तीन मालकांच्या हातांतून आलेली असतात.

आता इशाऱ्याबद्दल, कारण आमच्या मते सर्वांत जास्त शिकण्यासारखे तिथेच आहे.

१६ ऑगस्ट १९८७ ला डेट्रॉइटहून नॉर्थवेस्टचे उड्डाण २५५, एमडी-८२ विमान, फ्लॅप, म्हणजे कमी वेगात जास्त उचल देणारे पंखांचे मागचे भाग, न लावता धावपट्टीवरून उठले आणि लगेच कोसळले. १५६ जण मेले. चार वर्षांची एक मुलगी वाचली. फ्लॅप न लावणे ही वैमानिकांची चूक होती, पण अशी चूक पकडण्यासाठीच टेकऑफ इशारा यंत्रणा असते. ती वाजली नाही, कारण तिला वीजच मिळत नव्हती. तिचा पुरवठा पी-४० या ब्रेकरमधून जात होता. वीज का नव्हती हे ठरले नाही. निर्मात्याने सुचवले की प्रत्येक उड्डाणापूर्वी ही यंत्रणा तपासावी. सुचवले, एवढेच.

एकवीस वर्षांनी, २० ऑगस्ट २००८ ला, माद्रिदला स्पॅनएअरचे उड्डाण ५०२२, पुन्हा एमडी-८२, पुन्हा फ्लॅपशिवाय, पुन्हा इशारा नाही. १७२ पैकी १५४ जण गेले. त्या दिवशी विमान एकदा स्टँडवर परतले होते, कारण बाहेरच्या हवेचे तापमान मोजणाऱ्या प्रोबचा, म्हणजे बाहेर काढलेल्या संवेदकाचा, हीटर जमिनीवरच तापत होता आणि तापमान शंभर अंशांच्या आसपास दाखवत होते. हीटर फक्त हवेत चालायला हवा. एमईएलनुसार बर्फाची शक्यता नसेल तर हीटर बंद ठेवून जाता येत होते. देखभाल कर्मचाऱ्यांनी झेड-२९ ब्रेकर ओढला, हीटर थंड झाला, विमान सुटले. पण जमिनीवर हीटर तापतो याचा अर्थ काय? विमान जमिनीवर आहे की हवेत हे काही उपकरणांना सांगणारा रिले (विजेवर चालणारी कळ) आर २-५ चुकीचे सांगत असावा. आणि तोच रिले टेकऑफ इशारा यंत्रणेलाही जमिनीवर असल्याची खूण देतो. विमान हवेत आहे असे समजले तर ती यंत्रणा गप्प बसते. स्पॅनिश तपास समितीला हा संबंध निर्विवाद सिद्ध करता आला नाही, पण लक्षण समोर होते. हीटर हा आजार नसून त्याची खूण असू शकते हा विचार त्या घाईत झाला नाही. त्यानंतर युरोपच्या नियामकाने प्रत्येक उड्डाणापूर्वी ही यंत्रणा तपासणे सक्तीचे केले. डेट्रॉइटनंतर सांगितलेली हीच गोष्ट माद्रिदनंतर आज्ञा झाली. बैल गेला आणि झोपा केला असे म्हणायलाही जड जाते, कारण तोवर दोन विमानभर माणसे गेली होती.

म्हणून एमईएलबाबत आमची दुसरी मागणी. एमईएलमध्ये बिघाडाला दिवस ठरलेले असतात. ब वर्गाला तीन, क वर्गाला दहा, ड वर्गाला १२०. दिवस मोजून बिघाड पुढे ढकलण्याची ही पद्धत विमान चालू ठेवण्यासाठी आवश्यक आहे, आम्ही ती नाकारत नाही. पण बिघाड एकेकटा मोजला जातो. एक जनरेटर बंद असलेले विमान, ज्याच्या एपीयूलाही सुरू व्हायला वेळ लागतो अशी तक्रार लॉगबुकात आहे, ज्याच्या बॅटरीची क्षमता चाचणी तोंडावर आली आहे, ते तिन्ही नोंदींच्या दृष्टीने स्वतंत्रपणे नियमात बसते आणि तरीही रात्री पावसात समुद्रावर निघायला योग्य नसते. एक जनरेटर बंद ठेवून विमान सोडताना तपासणी प्रमाणपत्रावर अभियंत्याने दोन गोष्टी स्वतंत्रपणे लिहाव्यात, अशी सक्ती असावी. उरलेल्या प्रत्येक स्रोताची आज प्रत्यक्ष भाराखाली चाचणी झाली का. आणि ते सगळे गेल्यास राखीव क्षितिजाला किती मिनिटे वीज मिळेल, शेवटच्या क्षमता चाचणीच्या आकड्यानुसार. निकेल-कॅडमियमच्या बॅटरीत वीस सेल असतात, २४ व्होल्टची एक माळ, आणि त्या माळेतला एक सेल कमजोर झाला तरी ३० मिनिटांचे वचन २० वर येऊ शकते. तिच्या पृष्ठभागावरचे व्होल्टेज ठीक दाखवते, भार लावल्यावर कोसळते. म्हणून व्होल्टमीटरवर २५ दिसले म्हणजे बॅटरी ठीक, हा समज वर्कशॉपबाहेर सोडून यावा.

ब्रेकरबद्दल आणखी एक छोटे पण बोलके उदाहरण. १ नोव्हेंबर २०११ ला लॉट या पोलिश कंपनीचे बोइंग ७६७ न्यूअर्कहून वॉर्साला आले. निघाल्यावर लगेच एक नळी फुटून मधली हायड्रॉलिक यंत्रणा गेली होती, म्हणून चाके पर्यायी, विजेवर चालणाऱ्या पद्धतीने खाली सोडायची होती. ती उतरली नाहीत. विमान पोटावर उतरले, २३१ जण वाचले. नंतर कॉकपिटमध्ये पाहिले तर सी-८२९ हा ब्रेकर बाहेर आलेला. तो आत दाबला, वीज दिली आणि चाके निमूट खाली आली. हा ब्रेकर सहवैमानिकाच्या उजवीकडे, पायांजवळच्या खालच्या पॅनेलवर होता, जिथे बूट, बॅग किंवा सफाईचा पाइप सहज लागू शकतो. आणि तो बाहेर आहे असा संदेश कोणत्याही स्क्रीनवर येत नव्हता. उपाय काय असतो? अशा ब्रेकरभोवती एक प्लास्टिकची कडी, किंवा छोटे झाकण. काही रुपयांची गोष्ट. आपल्या ताफ्यातल्या प्रत्येक प्रकारच्या विमानात कोणते ब्रेकर असे आहेत की ते बाहेर आले तर कॉकपिटला कळत नाही, त्यांची यादी कंपन्यांनी काढावी, त्यांवर कड्या बसवाव्यात आणि वैमानिकांच्या तपासणीत त्यांची नावे ठळक घालावीत. एवढ्याला नवीन नियमाचीही गरज नाही, आपल्या एका परिपत्रकाने होईल.

ब्रेकर हा विषय निघालाच आहे तर आगीबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. साधा ब्रेकर उष्णतेवर चालतो; जास्त प्रवाह गेला की आतली द्विधातूची पट्टी वाकते आणि तो उडतो. पण घासलेल्या इन्सुलेशनमधून दोन तारांत ठिणगी पडत असेल तर ती क्षणभर येते, जाते, पुन्हा येते. सरासरी प्रवाह कमीच राहतो, पट्टी गरम होत नाही, ब्रेकर बसून राहतो, आणि ठिणगीच्या टोकाला तापमान हजारो अंशांवर असते. २ सप्टेंबर १९९८ ला न्यूयॉर्कहून जिनिव्हाला निघालेल्या स्विसएअर १११ वर, एमडी-११ मध्ये, कॉकपिटच्या छतामागे असेच काही घडले. कॅनडाच्या तपास मंडळाने चार वर्षांहून अधिक काळ समुद्रातून तुकडे वर काढून जोडले. मनोरंजन यंत्रणेच्या तारांत ठिणग्या पडल्याच्या खुणा मिळाल्या आणि आजूबाजूला धातूचा मुलामा दिलेल्या प्लास्टिकची इन्सुलेशन चादर होती, जी पेटत गेली. पहिला वास आला तेव्हापासून विमान नोव्हा स्कोशियाजवळ समुद्रात पडेपर्यंत सुमारे २० मिनिटे. २२९ जण गेले.

त्या विमानात मनोरंजन यंत्रणेची वीज 'केबिन बस' स्विचच्या बाहेरून घेतलेली होती. धुराच्या चेकलिस्टचे पहिले पाऊल तो स्विच बंद करणे हे होते. तो बंद केला तरी ती यंत्रणा चालूच राहत होती. नंतर बसवलेल्या प्रत्येक उपकरणाबाबत, वायफाय असो वा सीटवरचे चार्जर, हाच प्रश्न विचारला पाहिजे: कॉकपिटमधल्या कोणत्या एका स्विचने हे संपूर्ण मरते? उत्तर 'तीन ब्रेकर ओढावे लागतात' असे असेल तर ते बदल मंजूर होऊ नयेत.

आणि हँगरमधल्या माणसांसाठी, जी हे पत्र वाचतील: वायरिंगच्या जुडग्याजवळ छिद्र पाडताना आधी जुडगे झाका, नंतर धातूचा कीस फुंकून उडवू नका, व्हॅक्यूमने ओढून घ्या. क्लॅम्पजवळ तार आणि कडा यांत मोकळी जागा डोळ्यांनी पाहा, हाताने हलवूनही पाहा. उडालेला ब्रेकर हवेत पुन्हा आत दाबायचा तो फक्त सुरक्षित उड्डाणासाठी आवश्यक असेल तर आणि तोही एकदाच. इंधन पंपाच्या सर्किटचा तर नाहीच. ७ जानेवारी २००८ ला बँकॉकला उतरणाऱ्या क्वांटसच्या ७४७-४०० वर पुढच्या गॅलीतले, म्हणजे विमानातल्या स्वयंपाकघरातले, पाणी खाली मुख्य इलेक्ट्रॉनिक कप्प्यात गळले आणि चारपैकी तीन एसी बस गेल्या. वर ठेवलेली ठिबक झाकणे तडकलेली होती. चहाचे पाणी आणि जनरेटरचा नियंत्रक यांच्यात एक पातळ झाकण असते. त्याची तपासणी स्वच्छतेची म्हणून सोडू नये.

आता शेवटच्या साक्षीदाराबद्दल. स्विसएअरचे दोन्ही रेकॉर्डर वीज गेल्यामुळे शेवटची पाच-सहा मिनिटे बंद होते. त्यानंतर कॅनडाने मागणी केली आणि अमेरिकेने २००८ मध्ये नियम केला: कॉकपिट आवाजाचा रेकॉर्डर दोन तासांचा हवा आणि त्याला स्वतंत्र, आपोआप सुरू होणारा सुमारे १० मिनिटांचा वीजपुरवठा हवा. पण हा स्वतंत्र पुरवठा २०१० पासून बनणाऱ्या विमानांपुरता ठेवला गेला. २९ डिसेंबर २०२४ ला दक्षिण कोरियातल्या मुआनला जेजू एअरचे ७३७-८०० पोटावर उतरून भिंतीसारख्या बांधकामावर आदळले. १७९ जण गेले, दोन वाचले. ते विमान २००९ चे होते. त्याचे दोन्ही रेकॉर्डर शेवटची सुमारे चार मिनिटे गप्प होते. नेमक्या त्या चार मिनिटांत काय घडले हे तपासकांना इतर खुणांवरून जोडत बसावे लागते आहे. ७३७-८०० ला रॅटही नसतो हे लक्षात घ्या. एक वर्षाच्या फरकाने माणसांच्या शेवटच्या शब्दांना आणि आकड्यांना वीज मिळाली नाही.

आमची तिसरी मागणी म्हणून इतकी सोपी आहे. भारतात २०१० पूर्वी बनलेल्या आणि स्वतंत्र पुरवठा नसलेल्या प्रवासी विमानांना पुढच्या मोठ्या देखभालीपर्यंत, जेव्हा तसेही पॅनेल उघडलेले असते, तो बसवण्याची सक्ती करावी. ज्या विमानांचे उरलेले आयुष्य एका मोठ्या तपासणीपेक्षा कमी आहे त्यांना सूट द्यावी, हरकत नाही. पण सूट दिलेल्या विमानांची नावे लोकांना कळली पाहिजेत.

सॉफ्टवेअरही या हातांच्या यादीत आले आहे, म्हणून एक उल्लेख. २०१५ मध्ये अमेरिकी नियामकाने बोइंग ७८७ साठी आदेश काढला. त्याच्या जनरेटर नियंत्रकांतला एक मोजक सेकंदाच्या शतांशात मोजत होता, आणि २,१४,७४,८३,६४८ ला पोहोचला की भरून जात होता. म्हणजे २४८ दिवस. तितके दिवस वीज सलग चालू ठेवली तर चारही इंजिन जनरेटर एकदम सुरक्षित स्थितीत जाऊन बंद होऊ शकले असते. तात्पुरता उपाय होता ठराविक दिवसांनी वीज पूर्ण बंद करून पुन्हा चालू करणे. पुन्हा एक हात, पुन्हा एक आठवण. असे तात्पुरते उपाय किती काळ तात्पुरते राहतात हे नियामकाने मोजावे. प्रत्येक तात्पुरत्या आदेशाला कायमच्या सुधारणेची तारीख जोडलेली असावी आणि ती संचालनालयाच्या संकेतस्थळावर दिसावी.

सिम्युलेटरबाबत वर लिहिलेच आहे. त्याला एवढे जोडतो. ए-३२० चा अर्धा अंधार, म्हणजे फक्त बस एक जाणे, हा प्रसंग दरवर्षी एकदा तरी रात्रीच्या दृश्यात, ढगात, चढताना द्यावा. त्यात विमान उडवणाऱ्याने आधी राखीव क्षितिजावर पंख समतल आणि नाक स्थिर धरणे, वेग आणि थ्रस्ट (इंजिनांचा जोर) ठरलेल्या आकड्यांवर ठेवणे, आणि मगच दुसऱ्याने चेकलिस्ट वाचणे, हा क्रम परीक्षकाने तपासावा. कॉकपिटमधला टॉर्च खऱ्या विमानात पोहोचायला किती सेकंद लागतात तेही पाहावे. ज्या कंपनीत तो टॉर्च सीटमागे हूकवर लटकत नसेल तिथे त्या रात्रीचे ९० सेकंद लांबतील.

आम्ही मागितलेल्या याद्या नव्वद दिवसांत काढता येतील, कारण माहिती कंपन्यांकडे आणि भाडेपट्टी कंपन्यांकडे आधीच आहे. सुरुवात एका तक्त्याने करावी: विमान क्रमांक, बांधणीचे वर्ष, रेकॉर्डरला स्वतंत्र पुरवठा आहे की नाही, ए-३२० असल्यास आवश्यक बस आपोआप वळते की नाही, राखीव बॅटरीच्या शेवटच्या क्षमता चाचणीची तारीख आणि टक्केवारी. तो तक्ता तयार झाला की आम्ही सगळे तपासून देण्यासाठी उपलब्ध आहोत.

आपले,
विमान देखभाल अभियंते आणि वैमानिक
मुंबई